हत्तीपायाच्या आधीची सूज

मराठीत या आजाराला हत्तीपाय म्हणतात, सरकारी कागदावर तो हत्तीरोग होतो आणि संस्कृत वैद्यकात त्याला श्लीपद हे नाव आहे. शिळेसारखा झालेला पाय म्हणजे श्लीपद, अशी व्युत्पत्ती परंपरेने दिली जाते. तिन्ही नावे आजार पूर्ण वाढल्यावर पडलेली आहेत. पाय हत्तीसारखा दिसू लागेपर्यंत किंवा दगडासारखा कठीण होईपर्यंत कितीतरी वर्षे गेलेली असतात. त्या वर्षांमध्ये माणसाला जे होत असते त्याला आपल्याकडे वेगळे नाव नाही. ‘पाय भरून येतो’, ‘हात जड वाटतो’, ‘संध्याकाळी सूज चढते’ एवढेच लोक म्हणतात आणि ऐकणारा ते थकव्याच्या किंवा वयाच्या खात्यात टाकतो.

या लेखाचा विषय हा नाव नसलेला काळ आहे. मी वैद्यकाची पदवीधर नाही. पूर्व विदर्भातल्या लोकवैद्यकातील शब्द गोळा करताना या आजाराशी गाठ पडली आणि त्यानंतर गेली काही वर्षे जुने ग्रंथ, वैद्यकीय निबंध आणि आजार अंगावर वागवणारी माणसे यांच्याकडून मिळेल ते शिकत आले. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. ही सूज सुरुवातीला ओळखली तर बऱ्याच अंशी आटोक्यात राहते, उशीर झाला तर ती पूर्ण मागे फिरत नाही. ओळखण्याची साधने मात्र प्रत्येक घरात असतात.

शरीरातले दुसरे पाणी

रक्त हृदयातून निघते, धमन्यांतून जाते आणि शिरांवाटे परत येते, हे शाळेत शिकवतात. वाटेत केशवाहिन्यांच्या पातळ भिंतींतून थोडे पाणी आणि त्याबरोबर काही प्रथिने पेशींच्या मधल्या जागेत झिरपतात. हे झिरपलेले पाणी रक्तात परत पोहोचवण्याचे काम एका वेगळ्या जाळ्याकडे असते. त्या पाण्याला लसिका, तिच्या नळ्यांना लसिकावाहिन्या आणि वाटेतल्या गाळण्यांना लसिकाग्रंथी म्हणतात. काखेत, जांघेत, मानेत आणि पोटात मिळून अशा सुमारे सहाशे ग्रंथी असतात. ढोबळमानाने रोज दोन ते चार लिटर लसिका या वाटेने रक्तात परत जाते.

या जाळ्याला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांमध्ये एका दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, वाहिन्या स्वतः मिनिटाला काही वेळा आकुंचन पावतात आणि चालताना-हलताना स्नायूंचा दाब त्यांना मदत करतो. त्या इतक्या पारदर्शक आहेत की शरीर उघडून पाहणाऱ्यांनाही त्या फार उशिरा दिसल्या. १६२२ मध्ये गास्पारो आसेली या इटालियन वैद्याला नुकत्याच खाल्लेल्या कुत्र्याच्या पोटात दुधाळ पांढरे धागे दिसले. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी डेन्मार्कमध्ये टोमास बार्थोलिन आणि स्वीडनमध्ये ओलाउस रुडबेक यांनी साऱ्या शरीरातले जाळे दाखवून दिले.

हे जाळे कुठे तुंबले, तुटले किंवा जन्मतःच अपुरे असले की त्या भागातले पाणी परत जात नाही. नुसते पाणी साचले असते तर गोष्ट सोपी होती. पण त्याबरोबर प्रथिनेही साचतात, ती सतत दाह निर्माण करतात आणि हळूहळू त्या जागी तंतू आणि चरबी भरत जाते. म्हणून पहिल्या काळातली सूज मऊ असते आणि नंतरची घट्ट. वैद्यकात या सुजेला लिम्फेडिमा म्हणतात, मी लसिकासूज हा शब्द वापरते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ती उतरत नाही याचे कारणही इथेच आहे. त्या गोळ्या पाणी काढतात, प्रथिने आणि तंतू जागेवरच राहतात.

जुन्यांनी काय पाहिले

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात बाराव्या अध्यायात श्लीपदाचे वर्णन आहे. त्यातल्या दोन गोष्टी आजच्या वाचकाला चकित करतात. जिथे जुने पाणी साचून राहते आणि सगळ्या ऋतूंत गारवा असतो, अशा प्रदेशात हा आजार विशेष होतो, असे तिथे सांगितले आहे. डासाचा संबंध कळण्याच्या कितीतरी शतके आधी साचलेल्या पाण्याकडे बोट दाखवलेले आहे. दुसरी गोष्ट अशी की वर्षाहून जुना झालेला, वारुळासारखे उंचवटे आलेला आणि फार मोठा झालेला श्लीपद वैद्याने हाती घेऊ नये, असा इशारा तिथे आहे. उपचार लवकर व्हायला हवा हे त्या काळीही माहीत होते. पुढे माधवनिदानाने सुरुवातीचे चित्रही दिले: ताप येतो, जांघेत दुखरी सूज येते आणि ती क्रमाक्रमाने पायाकडे उतरते.

युरोपियन प्रवाशांनी मात्र यात शाप पाहिला. १५८३ पासून काही वर्षे गोव्यात राहिलेल्या यान हाउगेन व्हान लिन्सखोटेन या डच माणसाने १५९६ मध्ये आपला प्रवासग्रंथ छापला. गुडघ्याखाली हत्तीसारखा पाय असलेले लोक म्हणजे संत थॉमसची हत्या करणाऱ्यांचे वंशज, ही दक्षिणेकडे प्रचलित असलेली कथा त्याने त्यात नोंदवली आहे. शाप, पूर्वजांचे पाप, घराण्याचा दोष या कल्पना आपल्याकडेही गेलेल्या नाहीत. ज्या घरात एकाचा पाय सुजलेला असतो त्या घरातल्या मुलीच्या लग्नाची बोलणी अजूनही अडतात. सूज लपवण्याचे हे एक मोठे कारण आहे.

खरे कारण एकोणिसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने उलगडले. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस यांना माणसाच्या रक्तात सूक्ष्म जंत दिसले. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात जोसेफ बँक्रॉफ्ट यांना त्यांचा पूर्ण वाढलेला जंत सापडला. १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाच्या पोटात त्याची वाढ होते हे पाहिले. डास चावताना जंत माणसाकडे परत येतो, ही शेवटची कडी १९०० मध्ये जॉर्ज लो यांच्या निरीक्षणातून जुळली. मादी जंत आठ-दहा सेंटिमीटर लांब आणि दोऱ्यासारखा बारीक असतो. तो लसिकावाहिनीतच राहतो, चार-सहा वर्षे जगतो आणि तेवढ्या काळात वाहिनी फुगवून तिच्या झडपा निकामी करतो. त्याची पिल्ले रात्री रक्तात उतरतात, म्हणून हत्तीरोगाची पारंपरिक रक्ततपासणी रात्री दहाच्या पुढे करतात. गटारे, शौचालयाच्या टाक्या आणि घाण पाण्याची डबकी यांत वाढणारा क्युलेक्स डास आपल्याकडे हा जंत पसरवतो.

घरातली मोजमापे

आता मूळ मुद्दा. सूज दिसायच्या आधी ती जाणवते. पाय किंवा हात जड वाटतो, दाटल्यासारखा होतो, कातडी आतून ताणल्यासारखी वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. वैद्यक या अवस्थेला शून्यावा टप्पा म्हणते आणि तो महिनोन्‌महिने, कधी वर्षेही चालू शकतो. या काळात माणूस डॉक्टरकडे जात नाही, कारण दाखवण्यासारखे काही नसते.

पण वस्तूंना ते कळते. मी ज्या बायकांशी बोलले त्यांतल्या बऱ्याच जणींना सूज पहिल्यांदा जोडव्यांनी सांगितली होती. एका पायातले जोडवे रुतायला लागले, दुसऱ्यातले सैलच राहिले. कुणाचे एकाच पायातले पैंजण घोट्याला काचू लागले. पुरुषांच्या बाबतीत हे काम चपलेचा अंगठा आणि बुटाची लेस करतात. हाताच्या बाबतीत बांगड्या, अंगठी, घड्याळाचा पट्टा आणि ब्लाऊजची बाही. बांगड्या भरताना कासाराने ‘या हाताला मोठं माप लागतंय’ म्हटले तर ते वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. उजवा हात डाव्यापेक्षा किंचित जाड असतो हे खरे. पण तो आधीपासून तसा असतो. काही महिन्यांत पडलेला फरक निराळा.

पुढच्या टप्प्यात सूज दिसू लागते. दिवसभर उभे राहिल्यावर ती चढते, रात्री पाय उशीवर ठेवून झोपले की सकाळपर्यंत उतरते. नडगीच्या हाडावर किंवा पावलाच्या पाठीवर अंगठ्याने काही सेकंद दाबून धरले तर खळगा पडतो आणि तो हळूहळू भरतो. सकाळी उतरणारी सूज लोक गंभीर मानत नाहीत. पण ती अजून उतरते आहे, तोवरच तिच्यावर सर्वांत सहज ताबा मिळवता येतो.

त्यानंतर सूज सकाळीही राहते. दाबल्यावर खळगा पडणे कमी होत जाते, कारण आत पाण्याच्या जागी तंतू आलेले असतात. खळगा पडत नाही म्हणजे बरे वाटले असे काही जण समजतात, वस्तुस्थिती उलट असते. याच सुमारास एक खूण दिसू लागते. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचलून पाहावी. निरोगी पायात ती सहज उचलली जाते. लसिकासुजेत ती जाड होऊन खाली चिकटल्यासारखी राहते आणि चिमटीत येत नाही. स्टेमर या वैद्याने १९७६ मध्ये ही खूण मांडली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. हाताच्या बोटांवरही ती पाहता येते. कातडी चिमटीत आली नाही तर लसिकासुजेची शक्यता बरीच असते. आली म्हणून आजार नाहीच असे मात्र म्हणता येत नाही, विशेषतः सुरुवातीला.

शेवटच्या टप्प्यांत कातडीवर घड्या पडतात, त्या खोल होत जातात, गाठी येतात, बोटांवर शेवाळासारखे खरखरीत थर चढतात, कधी कातडीतून पाणी पाझरते. ब्राझीलच्या रेसिफे शहरात काम करणाऱ्या गेरुसा ड्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीपायाचे सात टप्पे पाडले. त्यांच्या वर्गवारीत सूज रात्रीत उतरते की नाही, कातडीला घड्या आहेत का, त्या उथळ की खोल, असे प्रश्न आहेत. त्यासाठी यंत्र लागत नाही, डोळे आणि हात पुरतात. लोकांनी दिलेले नाव लागू पडते ते या सातांतल्या शेवटच्या काही टप्प्यांना.

शिंप्याची टेप असेल तर अधिक नेमके पाहता येते. दोन्ही पायांवर किंवा हातांवर ठरावीक जागी, म्हणजे मनगटापासून किंवा घोट्यापासून दहा-दहा सेंटिमीटरवर, एकाच वेळेला घेर मोजावा आणि वहीत तारीख घालून लिहावा. दोन बाजूंत दोन सेंटिमीटरचा किंवा त्याहून जास्त फरक पडला तर वैद्यकात तो दखल घेण्याजोगा मानतात. डॉक्टरांपुढे ‘सुजल्यासारखं वाटतं’ म्हणण्यापेक्षा वहीची तीन पाने ठेवली तर बोलणे वेगळे होते.

काखेतून सुरू होणारी सूज

जंत नसतानाही ही सूज येते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागतात किंवा तिथे किरणोपचार द्यावे लागतात. त्यामुळे हाताची लसिका परत नेणारी वाट अरुंद होते. या शस्त्रक्रियेला आधुनिक रूप देणारे अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १९२१ मध्ये या सुजेवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि तिला शस्त्रक्रियेने आलेला हत्तीरोग या अर्थाचे लॅटिन नाव दिले. आज आधी एक-दोन पहारेकरी ग्रंथीच काढून तपासण्याची पद्धत आहे. त्यामुळे धोका बराच उतरला आहे. काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढलेल्या स्त्रियांत साधारण पाचांपैकी एकीला, तर पहारेकरी ग्रंथीच काढलेल्यांत साधारण वीसांपैकी एकीला ही सूज येते. ती बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, पण दहा-पंधरा वर्षांनीही येऊ शकते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या उपचारानंतर हेच पायाच्या बाबतीत होते.

माझ्या मावशीला शस्त्रक्रियेनंतर चौथ्या वर्षी डाव्या हाताची अंगठी निघेना. कर्करोग परतला नाही ना, एवढेच तपासण्यात आले. तो परतलेला नव्हता. मग तिला ‘आता घाबरू नका, वयानं होतं’ असे सांगून घरी पाठवले. पुढची दोन वर्षे ती लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवत राहिली आणि हळदीकुंकवाला जाणे टाळत राहिली. तिला पट्टी बांधणारी भौतिकोपचार तज्ज्ञ भेटली तेव्हा कोपराच्या वरचा भाग घट्ट झालेला होता. उपचारांनी हात हलका झाला, पहिल्यासारखा झाला नाही. ती एकदा म्हणाली, “जीव वाचला त्याचं सगळ्यांना कौतुक. हाताचं कुणाला सांगायचं?” ज्या आजारातून माणूस वाचला त्याच्या उपचाराने दिलेले दुखणे कृतघ्न वाटेल म्हणून बोलले जात नाही. ही मला या सुजेची सर्वांत अवघड बाजू वाटते.

अशा स्त्रियांना जन्मभर हाताने काही उचलू नका, असे सांगण्याची पद्धत होती. २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्यांनी वर्षभर, सुरुवातीला देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजने उचलली. त्यांची सूज इतर स्त्रियांपेक्षा जास्त वाढली नाही, उलट दुखणे उफाळण्याचे प्रमाण कमी झाले. म्हणजे हात झाकून, बांधून ठेवण्यात फायदा नव्हता. दाब देणारी बाही घालून आणि शिकून केलेली हालचाल उपयोगाची होती.

सगळी सूज लसिकेची नसते

इथे थांबून उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून कुणी स्वतःच निदान करून बसेल. दोन्ही पाय सारखे सुजले, दम लागतो, रात्री उताणे झोपवत नाही, तर हृदय तपासायला हवे. सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसत असेल तर मूत्रपिंड. पोट वाढून पाय सुजले तर यकृत. थायरॉईड, अंगातले प्रथिन कमी होणे आणि पायाच्या शिरांचे दोष हीही कारणे आहेत. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिन या गोळीनेही घोटे सुजतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

एकच पोटरी अचानक सुजली, दुखते आहे आणि गरम लागते आहे, तर ते शिरेतल्या रक्ताच्या गुठळीचे लक्षण असू शकते. तिथे वाट पाहायची नसते, त्याच दिवशी रुग्णालयात जायचे असते. ती गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो. त्याचप्रमाणे कोणतेही कारण नसताना मोठ्या वयात एकाच बाजूला सूज आली तर जांघेत, काखेत किंवा पोटात गाठ नाही ना हे पाहणे जरूर असते.

आणखी एक घोटाळा बायकांच्या बाबतीत होतो. काहींच्या मांड्या आणि पोटऱ्या दोन्ही बाजूंना सारख्या जाड होतात, दाबले की दुखतात, लवकर काळेनिळे डाग पडतात, पण पावले बारीकच राहतात. हा चरबीचा वेगळा विकार आहे, त्याला लिपेडिमा म्हणतात. लसिकासूज बहुधा पाऊल आणि बोटेही धरते. म्हणून पावलाकडे पाहायला विसरू नये.

अवधाण, धावरे आणि चिखल्या

शब्द गोळा करताना मला सर्वांत उपयोगी पडलेले तीन शब्द हे. पायाला जखम किंवा गळू झाले की जांघेत दुखरी गाठ येते, तिला अवधाण म्हणतात. लसिकाग्रंथी जंतूंना अडवताना सुजते ती हीच. पायाला काही झाले की जांघ उत्तर देते, एवढा संबंध आपल्या आज्यांना माहीत होता. हुडहुडी भरून ताप येतो आणि कातडी लालभडक, गरम होऊन लाली पसरत जाते, त्याला धावरे. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी, ओली होऊन फाटते, त्या चिखल्या.

हत्तीपायाचे माणूस वर्षातून काही वेळा तापाने फणफणते. प्रत्येक वेळी पाय लाल होतो, दुखतो, चार-सहा दिवस अंथरूण धरावे लागते, मजुरी बुडते. पूर्वी हे झटके जंतामुळेच येतात असे धरले जाई. ड्रेयर आणि इतरांच्या कामातून दिसले की यांतले बहुतेक झटके कातडीच्या भेगांतून शिरलेल्या साध्या जीवाणूंमुळे येतात, आणि ती भेग बहुधा बोटांच्या बेचक्यात असते. म्हणजे आधी चिखल्या, मग धावरे, मग अवधाण, अशी ती ओळ आहे. प्रत्येक झटक्याने वाहिन्या आणखी बिघडतात आणि पाय एक पायरी पुढे जातो. जंत मरतानाही ताप येतो, पण तेव्हा लाली जांघेतल्या ग्रंथीकडून खाली पायाकडे उतरते. जीवाणूंच्या झटक्यात ती पायाकडून सुरू होते. माधवनिदानातले जांघेकडून पायाकडे येणारे वर्णन या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे.

यातून निघणारा उपाय स्वस्त आहे. पाय रोज साबणाने आणि साध्या पाण्याने धुवावा, बोटांच्या बेचक्या आणि कातडीच्या घड्या उघडून स्वच्छ कराव्यात, मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरड्या कराव्यात. चिखल्यांवर डॉक्टरांनी दिलेले बुरशीचे मलम लावावे. नखे जपून कापावीत, अनवाणी चालू नये. बसताना पाय उंच ठेवावा, घोटा हलवत राहावा. ताप-लालीचा झटका आला तर पाय चोळू नये, विश्रांती घ्यावी, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. हत्तीरोग कार्यक्रमातून रुग्णांना टब, मग, साबण आणि टॉवेल दिले जातात. एवढ्या मोठ्या आजारावर बादली-मग देतात म्हणून लोक हसतात. पण रोजच्या धुण्याने झटके कमी होतात आणि झटके कमी झाले की पाय पुढच्या टप्प्यात जायचा थांबतो.

दाबपट्टी हा दुसरा भाग. ती बोटांकडून वर, खाली जास्त आणि वर कमी दाब राहील अशी बांधायची असते. चुकीची बांधली तर अपाय होतो. धमन्यांचा आजार असेल तर ती बांधायचीच नसते. म्हणून ती शिकूनच बांधावी. एमिल व्होडर या डॅनिश माणसाने १९३० च्या दशकात लसिका पुढे सरकवण्यासाठी विशिष्ट मालीश शोधले. त्यात हात अगदी हलका ठेवतात. केरळमधल्या कासारगोड इथल्या उपयोजित त्वचाविज्ञान संस्थेत आधुनिक उपचारांना आयुर्वेद आणि योग यांची जोड देऊन हत्तीपायाच्या रुग्णांची काळजी घेतली जाते. जोर लावून रगडण्याने मात्र ही सूज उतरत नाही.

गोळी कुणासाठी

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या जिल्ह्यांतल्या वाचकांना हत्तीरोगाच्या गोळ्या वाटणारी माणसे माहीत असतील. देशाचा नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला आणि २००४ पासून बाधित जिल्ह्यांत सामुदायिक औषधोपचार सुरू झाला. त्यातल्या डीईसी या मुख्य औषधाचा शोध १९४० च्या दशकात ज्या प्रयोगशाळेत लागला तिथल्या संशोधनाचे प्रमुख आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत या आजाराच्या निदानावर अनेक वर्षे संशोधन झाले. अलीकडे तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि देशात ती पहिल्यांदा लागू झालेल्या जिल्ह्यांत नागपूर होते. तिसरे औषध आयव्हरमेक्टिन. ज्या शोधातून ते आले त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले.

‘मला काही झालेलं नाही, मी गोळी का घेऊ?’ हा प्रश्न दारोदारी ऐकू येतो. उत्तर असे आहे की जंत अंगात असलेल्या बहुतेकांना बाहेरून एकही लक्षण नसते. त्यांच्याच रक्तातून डास पिल्ले उचलतो. उलट पाय सुजलेल्या माणसाच्या रक्तात अनेकदा पिल्ले सापडत नाहीत, कारण जंत मरून गेलेला असतो आणि नुकसान मागे राहिलेले असते. म्हणून गोळी मुख्यतः न सुजलेल्यांसाठी आहे आणि धुणे, दाब, व्यायाम सुजलेल्यांसाठी. गोळी घेतल्यावर थोडा ताप किंवा मळमळ आली तर बहुधा तो मरणाऱ्या जंतांचा परिणाम असतो. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे यांना त्या देत नाहीत. श्रीलंकेने हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दिली. आपल्या शेजारी हे झाले आहे.

विचारायचे कसे

लक्षणे माहीत असूनही सूज लपते, कारण ती अंगाच्या झाकलेल्या भागात असते आणि तिच्याबद्दल विचारणे अपमानाचे वाटते. ‘तुला हत्तीपाय झालाय का?’ असे कुणी विचारू शकत नाही, विचारूही नये. पण ‘जोडवी घट्ट होतात का?’, ‘एकाच पायाची चप्पल काचते का?’, ‘सकाळी सूज उतरते का?’, ‘या वर्षी धावरे किती वेळा आले?’ हे प्रश्न कुणीही विचारू शकतो. आशाताई विचारू शकतात, मुलगी आईला विचारू शकते. यात आजाराचे नाव येत नाही, म्हणून लाजही कमी वाटते आणि उत्तर खरे मिळते.

हा अंक घराघरांत पोहोचेल तेव्हा अभ्यंगाचे दिवस असतील. आईच्या, सासूच्या, नवऱ्याच्या पाठीला, हातापायांना तेल लावायचा हा वर्षातला हक्काचा दिवस. त्या दिवशी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहावेत, दोन्ही हात पाहावेत, बोटांच्या बेचक्या उघडून पाहाव्यात. घोट्याजवळ अंगठा दाबून खळगा पडतो का ते बघावे. काही फरक दिसला तर टेप घेऊन मोजावे, तारीख घालून लिहावे, महिन्याने पुन्हा मोजावे. फरक दोन सेंटिमीटरचा असेल किंवा वाढत असेल तर ती वही घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या हत्तीरोग नियंत्रण पथकाकडे जावे. कर्करोगाचा उपचार झालेला असेल तर तो केलेल्या डॉक्टरांकडेच जावे आणि भौतिकोपचार तज्ज्ञाकडे पाठवायला सांगावे. ‘वयानं होतं’ हे उत्तर मिळाले तर एका बाजूचेच वय कसे वाढले, असे विचारायला हरकत नाही.